शेंदलेलं पाणी चालत नाही

आजचं वाचन : लेवीय, अध्याय ११, वचन ३६ आणि अध्याय १५, वचन १९ ते ३०



लेवीयचा पंधरावा अध्याय कुणी मोठ्यानं वाचत नाही. स्राव, पाळी, अंथरूण, कोण कशाला शिवलं तर संध्याकाळपर्यंत अशुद्ध. आपण पानं उलटतो आणि सोळाव्या अध्यायावर जातो. पण रोज थोडं वाचायचं ठरवलंय, तर अवघड पान आलं म्हणून उडी मारायची नाही. आणि या पानाबद्दल तुमच्यापैकी एकीनं मला विचारलंच होतं, "ताई, म्हणजे देवाला माझं शरीर घाण वाटतं का?"

हा प्रश्न साधा नाही. आपल्याकडे पाळीच्या दिवसांत बाजूला बसलेल्या आज्या आपल्याला माहीत आहेत. "कावळा शिवला" हे शब्द कित्येक घरांत अजून चालतात. आज कुणी कोपऱ्यात बसवत नसेल, तरी देवाच्या फोटोला हात लावताना मनात काहीतरी अडखळतंच. म्हणून हा अध्याय ज्यांनी दोन हजार वर्षांहून जास्त काळ पाळला, त्या यहूदी लोकांनी त्याचा काय अर्थ लावला, ते आज पाहू या. त्यांच्या नियमात एक गोष्ट अशी आहे, जी माझ्या डोक्यातून जात नाही. ती पाण्याबद्दलची आहे.

आधी शब्द समजून घेऊ. मराठी बायबलमध्ये आपण "अशुद्ध" वाचतो, तिथे हिब्रूत "तुमा" या कुळातला शब्द आहे. त्याच्या उलट "ताहारा". तुमा म्हणजे मळ नाही, आणि पापही नाही. प्रेताला हात लावणाऱ्याला सगळ्यात मोठी तुमा लागते; पण मृताला माती देणं हे तर यहुद्यांमध्ये फार मोठं पुण्यकर्म आहे. बाळ जन्माला आलं की आईला तुमा लागते. पण मूल होणं हा आशीर्वाद. पुरुषाला वीर्यस्रावानंतर लागते, हेही याच पंधराव्या अध्यायात आहे, आणि ते बायकांच्या वचनांच्या आधी आहे. मृत्यू, जन्म, रक्त, वीर्य. जीवन जिथे येतं किंवा निसटतं, तिथे हा शब्द येतो. त्या अवस्थेत मंदिरात जायचं नाही, एवढाच त्याचा मूळ परिणाम.

बाराव्या शतकातले थोर पंडित मायमोनिदीस हे व्यवसायानं वैद्यही होते. स्नानाच्या नियमांवरचं प्रकरण संपवताना ते सरळ सांगतात की ही अशुद्धी म्हणजे पाण्यानं धुऊन जाणारा चिखल किंवा घाण नव्हे. ही शास्त्राची आज्ञा आहे आणि ती मनाच्या हेतूवर अवलंबून आहे. एका वैद्यानं हे लिहावं, हे मला महत्त्वाचं वाटतं. आणि नियमाची रचनाही तेच सांगते. यहूदी बाई या विधीला जाते, ती आधी घरी किंवा तिथल्याच न्हाणीघरात साबण लावून, केस धुऊन-विंचरून, नखं काढून, दागिने उतरवून पूर्ण स्वच्छ होते. नेलपॉलिश, बँडेज, अंगठी, काहीही अंगावर ठेवायचं नाही. त्वचा आणि पाणी यांच्यामध्ये काही उरलेलं चालत नाही. म्हणजे ती पाण्यात उतरते तेव्हा आधीच स्वच्छ असते. मग पाणी कशासाठी?

या पाण्याच्या कुंडाला "मिकवे" म्हणतात. बायबलच्या पहिल्याच अध्यायात हा शब्द येतो. उत्पत्ती १:१० मध्ये देव पाण्याच्या साठ्याला "समुद्र" असं नाव देतो, तिथला "साठा" म्हणजे हिब्रूत मिकवे. आणि आजच्या वाचनात लेवीय ११:३६ मध्ये झरा आणि पाणी साठण्याचं टाकं, हे शुद्ध राहतात असं आहे. या एका वचनावर रब्बींनी अख्खा ग्रंथ रचला. साधारण इ.स. २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्नामध्ये "मिकवाओत" नावाचा भाग आहे, तो सगळा पाण्याबद्दल. पाण्याच्या सहा पायऱ्या तिथे सांगितल्या आहेत. खालच्या पायरीला खड्ड्यात साचलेलं पाणी, सर्वांत वर "जिवंत पाणी". आपण मराठीत विहिरीला "जिवंत झरा" लागला म्हणतो, अगदी तेच.

आता तो मुख्य नियम. हे पाणी माणसानं भरलेलं नसावं. बादलीनं, घागरीनं, कुठल्याही भांड्यातून आणून ओतलेलं पाणी बाद. आपल्या जुन्या मराठीत विहिरीतून दोर-बादलीनं पाणी काढण्याला "शेंदणं" म्हणतात. हिब्रू नियमातला शब्दही नेमका याच क्रियेचा आहे. शेंदलेलं पाणी चालत नाही. झऱ्याचं चालतं, समुद्राचं चालतं, पावसाचं आपोआप वाहत येऊन साठलेलं चालतं. जमिनीला जोडलेल्या टाक्यात असं निदान ४० सेआ पाणी हवं. आजच्या हिशेबात साधारण ७५० लिटर धरतात, काही मतं याहून कमी-जास्त आहेत. उभ्या माणसाचं सगळं अंग एकाच वेळी बुडेल एवढं. आणि ४० सेआ भरण्याच्या आधी त्यात तीन लोग, म्हणजे जेमतेम लिटर-दीड लिटर, शेंदलेलं पाणी पडलं तर सगळं टाकं बाद.

हे तीन लोग कुठून आले याची हकिकत मिश्नात आहे, आणि ती मला फार आवडते. हिल्लेल आणि शम्माई हे त्या काळातले दोन सर्वांत मोठे गुरू. किती शेंदलेल्या पाण्यानं टाकं बाद होतं यावर दोघांची दोन मतं. मग यरुशलेममधल्या उकिरड्याच्या वेशीजवळ राहणारे दोन विणकर आले. त्या काळी हलका मानलेला धंदा, आणि राहण्याची जागा तर नावावरूनच कळते. त्यांनी सांगितलं, आम्ही आधीच्या गुरूंकडून ऐकलंय, तीन लोग. पंडितांनी विणकरांचं ऐकलं. हिल्लेल-शम्माईंची मतं मागे पडली, पण पुसली नाहीत. ती का नोंदवून ठेवली? तर पुढच्यांनी शिकावं म्हणून, की एवढे मोठे लोकही आपल्याच म्हणण्यावर अडून बसले नाहीत.

निसर्गातल्या पाण्याचे बारकावेही पाहण्यासारखे आहेत. झऱ्याचं पाणी वाहतं असतानाही शुद्ध करतं. पावसाचं मात्र स्थिर साठलेलं असावं लागतं. मग नदीचं काय? नदीत दोन्ही असतात. पावसाळ्यातली आपली कुठलीही नदी डोळ्यांसमोर आणा. ते लाल गढूळ पाणी झऱ्याचं की आभाळाचं? हाच प्रश्न तिसऱ्या शतकात बाबिलोनमध्ये फरात नदीच्या काठावर पडला होता. तलमूदमध्ये लिहिलंय की शमुवेल नावाच्या पंडिताचे वडील आपल्या मुलींसाठी वसंतात, निसान महिन्यात, वेगळी कुंडं करून देत, कारण तेव्हा नदी पुरानं फुगलेली असे. आणि शरदात, तिश्री महिन्यात, पाणी उतरल्यावर नदीतच चटया अंथरून देत. चटया का, यावर टीकाकारांची दोन उत्तरं आहेत : पायाला चिखल लागू नये म्हणून, किंवा आडोसा व्हावा म्हणून. काही असो, मुलींना स्नानाची सोय व्हावी म्हणून एक बाप नदीकाठी चटया घेऊन जातोय, हे चित्र त्या मोठ्या ग्रंथाच्या एका ओळीत आहे.

समुद्र सर्वांत सोपा. सगळे समुद्र चालतात. मिश्ना तर म्हणते की सुटी झालेली एखादी लाट ४० सेआची असेल आणि ती माणसावर कोसळली, तरी तो शुद्ध. अलिबागच्या पट्ट्यात शतकानुशतकं मराठी बोलत राहिलेले बेने इस्राएल, ज्यांना गावकरी शनवार तेली म्हणायचे, त्यांच्या दाराशी असलेला समुद्रही या नियमानं तेवढाच वैध आहे, जेवढा याफोचा.

बर्फाचीही गोष्ट आहे. बर्फ कुणी शेंदत नाही. मेदवा गावच्या लोकांनी साक्ष दिली की रब्बी इश्माएलनं त्यांना सांगितलं होतं, जा, बर्फ आणा आणि मिकवे तयार करा. आजच्या शहरांतला मिकवे बाहेरून साध्या टाइल्सच्या छोट्या तलावासारखा दिसतो आणि त्यात गरम केलेलं नळाचं पाणी असतं. पण भिंतीपलीकडे पावसाच्या पाण्याचं एक टाकं असतं आणि दोघांमध्ये एक भोक. दोन्ही पाणी एकमेकांना भेटतं. हिब्रूत याला "चुंबन" अशा अर्थाचा शब्द आहे. तेवढ्या स्पर्शानं नळाचं पाणी वैध ठरतं. मृत समुद्राकाठच्या मसादा किल्ल्यावर १९६३ ते १९६५ मध्ये उत्खनन झालं, तेव्हा अशी जोडटाकी सापडली. जिथे वर्षातून जेमतेम पाऊस पडतो, त्या वाळवंटातल्या डोंगरावर, रोमन वेढ्यात अडकलेल्या लोकांनीही हा नियम सोडला नव्हता.

एवढा खटाटोप कशासाठी? नियम का आहे हे शास्त्र सांगत नाही, म्हणून पुढचं माझं वाचन आहे असं समजा. मला वाटतं, हा नियम म्हणतोय की शुद्धी माणसाला तयार करता येत नाही. ती कुणाच्या विहिरीतून, कुणाच्या घागरीतून, कुणाच्या हातून मिळत नाही. टाकं बांधा, पन्हळ लावा, पायऱ्या करा. पण पाणी आभाळातून किंवा जमिनीतूनच आलं पाहिजे. मधे हात नको. आणि जिथे मधे हात नाही, तिथे "मी तुला शुद्ध केलं" असं कुणाला म्हणता येत नाही. मग "तू माझ्यामुळे शुद्ध आहेस" असा हक्कही कुणाला सांगता येत नाही.

लेवीय ११:३६ मध्ये आणखी एक गोष्ट आहे, आणि आपल्या मातीत वाढलेल्या वाचकानं ती दोनदा वाचावी. झरा आणि टाकं अशुद्ध होत नाही. माणूस कितीही तुमा घेऊन त्यात उतरला तरी बाहेर येताना तो शुद्ध होतो, पाणी बाटत नाही. आता २० मार्च १९२७ आठवा. महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेब आणि त्यांच्याबरोबरचे लोक पाणी प्यायले. नंतर तिथल्या सनातन्यांनी तळं बाटलं म्हणून त्यात शेण, गोमूत्र, दही टाकून ते "शुद्ध" केलं. दोन्हीकडे शब्द शुद्धीचाच आहे. पण एकीकडे पाणी माणसाला उचलून घेतं, दुसरीकडे माणसाच्या स्पर्शानं पाणी बाटतं. शुद्धीचा कुठलाही नियम समोर आला की मी आता हे आधी पाहते : या नियमात पाणी मोठं आहे की विटाळ?

आता त्या मैत्रिणीच्या प्रश्नाकडे येऊ. पाणी कसंही असो, त्यात उतरावं लागतं ते बाईलाच. हे खरं आहे, आणि ते झाकून चालणार नाही. इ.स. ७० मध्ये मंदिर पडलं. मंदिरच नाही तर तिथे जाण्याची शुद्धीही उरली नाही. पुरुषांचं बंधनकारक स्नान हळूहळू मागे पडलं. आज ते बहुतेक ठिकाणी रीत म्हणून उरलंय. पण पाळीच्या काळात पती-पत्नीनं जवळ येऊ नये ही आज्ञा लेवीयच्या अठराव्या आणि विसाव्या अध्यायात वेगळी दिली आहे. ती मंदिरावर अवलंबून नाही. म्हणून विवाहित बाईचं स्नान टिकलं. गंमत म्हणजे पाळी संपल्यावर तिनं स्नान करावं असं पंधराव्या अध्यायात थेट लिहिलेलंच नाही. तिच्या अंथरुणाला शिवणाऱ्यानं करावं असं आहे. तिचं स्नान रब्बींनी अर्थ लावून सिद्ध केलं. आणि पाळी थांबल्यावर सात स्वच्छ दिवस मोजण्याची जी कडक रीत आज आहे, ती तर, तलमूदच्या म्हणण्यानुसार, इस्राएलच्या लेकींनी स्वतःहून स्वतःवर घेतली. चार-पाच दिवस पाळीचे, पुढे सात, मग रात्री स्नान.

पण या दिवसांत ती कोपऱ्यात बसते का? नाही. ती स्वयंपाक करते, मुलांना जवळ घेते, प्रार्थना करते. पवित्र शब्दांना विटाळ लागत नाही, हे तलमूदचं मत आहे. काही ठिकाणी बायका त्या दिवसांत सभास्थानात जात नसत, पण ती रूढी होती. वेगळेपण असतं ते नवरा-बायकोच्या स्पर्शापुरतं. जुने लोक म्हणत की तिनं त्या दिवसांत काजळ घालू नये, रंगीत कपडे घालू नयेत. रब्बी अकीवानं ते बदललं. असं केलंत तर ती नवऱ्याच्या मनातून उतरेल, तो तिला सोडेलही, असं त्याचं म्हणणं. कारण नवऱ्याच्या नजरेतून दिलंय, हे आजच्या वाचणारीला खटकेल. पण निकाल तिच्या बाजूचा लागला.

आणि दिवस मोजायचे कुणी? इथे नियम स्पष्ट आहे. लेवीय १५:२८ मध्ये मोजण्याची आज्ञा तिला आहे. तिथल्या शब्दांवरून तलमूदनं निष्कर्ष काढला की ती स्वतःच स्वतःसाठी मोजते आणि तिच्या शब्दावर विश्वास ठेवायचा. दोन साक्षीदार नकोत, रब्बीचा दाखला नको. जिथे साध्या देण्याघेण्याच्या खटल्यात दोन पुरुष साक्षीदार लागत, तिथे एवढी मोठी बाब एकट्या बाईच्या तोंडी शब्दावर सोडली आहे. अख्ख्या घराची पवित्रता तिच्या मोजणीवर उभी आहे.

म्हणजे मधे हात नाही, आणि मधे साक्षीदारही नाही. नियमाच्या मुळाशी मला हे दिसतं. बाई, पाणी आणि देव.

आणि नेमकं इथेच माणसं शिरतात. सोळाव्या शतकातल्या शुल्हान आरुख या नियमग्रंथात आहे की स्नानाच्या वेळी एका बाईनं जवळ उभं राहून पाहावं, एखादा केस पाण्यावर तरंगत राहू नये म्हणून. हेतू साधा आहे. मदतनीस बाई टॉवेल धरते, "झालं" म्हणते. कित्येकजणींना ती आईसारखी वाटते. पण कित्येक ठिकाणी या मदतीची तपासणी झाली. दिवस नीट मोजलेस का, नखं दाखव, लग्न झालंय का. इस्राएलमध्ये मिकवे सरकारी पैशावर चालतात. तिथल्या काही बायका या तपासणीविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेल्या, आणि २०१६ मध्ये सरकारनं मान्य केलं की बाईला हवं तर ती मदतनिशीशिवाय स्नान करू शकते. खटला भरणाऱ्या बायका धर्म सोडणाऱ्या नव्हत्या. त्यांना पाण्यातच उतरायचं होतं, फक्त पहाऱ्यात नाही.

याहून वाईटही घडलंय. २०१४ मध्ये वॉशिंग्टनमध्ये एका नामवंत रब्बीला अटक झाली. मिकवेला जोडलेल्या न्हाणीघरात त्यानं छुपा कॅमेरा ठेवला होता. यहूदी धर्म स्वीकारू पाहणाऱ्या तरुणींना तो "सराव म्हणून" स्नानाला पाठवत असे. पुढच्या वर्षी त्याला साडेसहा वर्षांची शिक्षा झाली. ज्या जागी माणसाचं काहीही मधे नको असा नियम, त्या जागी त्यानं आपला डोळा लावला.

हे वाचताना मला २ शमुवेलचा अकरावा अध्याय आठवतो. बथशेबा स्नान करत होती. आपण ते चित्र नेहमी वेगळ्याच अर्थानं ऐकलंय, जणू तिनं मुद्दाम दिसावं म्हणून केलं. पण वचन सांगतं की ती आपल्या अशुद्धतेपासून शुद्ध झाली होती. म्हणजे ती लेवीय १५ च पाळत होती. नियमानं वागणारी बाई होती ती. गच्चीवरून पाहणारा होता राजा दावीद. नाथान संदेष्टा बारावा अध्याय घेऊन येतो तेव्हा तो बथशेबाला एक शब्दही बोलत नाही. बोट दावीदाकडे आहे. शास्त्रानं लाज कुणाच्या पदरात टाकली, ते इतकं स्वच्छ आहे. आपणच ती पिढ्यान् पिढ्या तिच्या पदरात टाकत आलोय.

"पण ताई, नियमच नको ना मग," असं तुमच्यापैकी कुणी म्हणेल. यहूदी बायकांमध्येही असं म्हणणाऱ्या आहेत. रक्ताच्या डागाबद्दल शंका आली की तो पुरुष रब्बीला दाखवायचा, हे कित्येकींना अपमानाचं वाटायचं. म्हणून १९९० च्या दशकाच्या शेवटी यरुशलेममधल्या निश्मत या संस्थेनं या नियमांत बायकांनाच तयार करायला सुरुवात केली, म्हणजे बाईनं बाईला विचारावं. नियमाचा भार किती होता तेही विसरू नये. जर्मनीतल्या स्पायर आणि वर्म्स गावांत बाराव्या शतकातले मिकवे अजून आहेत, २०२१ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात गेले. जमिनीखाली खोल, भूजलापर्यंत उतरत जाणाऱ्या दगडी पायऱ्या. आज आपण तिथे फोटो काढू. पण जानेवारीच्या रात्री दिवा घेऊन त्या थंड पाण्यात उतरणाऱ्या बायका होत्या, आणि त्यांना कुणी "तुला जमेल का" असं विचारलं नव्हतं.

दुसरीकडे, ज्यांच्यावर काहीच बंधन नाही अशा बायकाही या पाण्याकडे येत आहेत. अमेरिकेत बॉस्टनजवळ न्यूटन इथे लेखिका अनिता डायमंट यांच्या पुढाकारानं २००४ मध्ये "मायिम हायिम" सुरू झालं. नावाचा अर्थ जिवंत पाणी. तिथे कुणी गर्भपाताच्या दुःखानंतर येतं, कुणी कॅन्सरचे उपचार संपल्यावर, कुणी घटस्फोटानंतर. मदतनीस असते, पण ती विचारपूस करते, चौकशी करत नाही. ज्या शरीरावर सुया, हात, नजरा, सगळ्यांचा हक्क चालला, ते शरीर पुन्हा आपलं आणि देवाचं आहे, एवढं त्यांना पाण्यात अनुभवायचं असतं.

म्हणून माझं उत्तर "नियम चांगला" किंवा "नियम वाईट" असं नाही. पुरुषांचं सुटलं आणि बायकांचं राहिलं, ही असमानता आहे, आणि कुठल्याही सुंदर अर्थानं ती मिटत नाही. पण त्या नियमाच्या पोटात एक गोष्ट आहे जी असमानतेच्याच विरुद्ध जाते. ती म्हणजे पाण्याबद्दलचा तो हट्ट. शुद्धी कुणाच्या हातची नाही. हा हट्ट ज्यांनी मनापासून घेतला, त्यांनीच पहारा नको म्हटलं, आणि शास्त्रातलंच कारण देऊन म्हटलं. धर्मातला अन्याय दूर करायला नेहमी धर्माबाहेरूनच कुणी यावं लागतं असं नाही. कधी कधी आपणच न वाचलेल्या अध्यायात ते उत्तर पडलेलं असतं.

आणि त्या मैत्रिणीला : नाही गं. देवाला तुझं शरीर घाण वाटत नाही. या अध्यायात घाण हा मुद्दाच नाही. प्रेताला खांदा देणारा, बाळंतीण, नवरदेव, सगळे याच एका शब्दात बसतात. त्या सगळ्यांसाठी देवानं असं पाणी ठेवलं जे बाटत नाही. तुला कोपऱ्यात बसवणारा आवाज या पानातून आलेला नाही, तो पानावर बसलेल्या माणसांचा आहे.

शेवटी एक शब्द. मिकवे या शब्दाचा हिब्रूत आणखी एक अर्थ आहे : आशा. यिर्मया १७:१३ मध्ये परमेश्वराला इस्राएलाची "मिकवे" म्हटलंय, मराठीत आपण तिथे आशा वाचतो. रब्बी अकीवानं दोन्ही अर्थ एकत्र केले. कुंड जसं उतरणाऱ्याला शुद्ध करतं, तसा देव आपल्या लोकांना शुद्ध करतो, असं तो म्हणाला.

आजच्या मननासाठी :

आपल्या घरात, आपल्या मंडळीत शुद्धीचे कोणते नियम चालतात? त्यांत पाणी मोठं आहे की विटाळ? त्या नियमात बाईच्या शब्दावर विश्वास आहे, की तिच्यावर पहारा? आणि कुणाच्या आणि देवाच्या मधे मी स्वतः तर उभी नाही ना, हातात घागर घेऊन?

प्रार्थना : हे परमेश्वरा, तुझं पाणी आम्ही अडवलं, त्यावर पाटी लावली, पहारेकरी बसवले. ज्यांना आम्ही काठावर ताटकळत ठेवलं, त्यांना तू आधी उतरू दे. आणि आमच्या घागरी आम्हाला खाली ठेवायला शिकव. आमेन.

उद्या सोळावा अध्याय. भेटू.